आर्या-हबेसचा रिपोर्ट

११ जाने., रवि.
थंडी. सकाळी धुकं इतकं की क्रेनचा बूम अर्ध्यावरच संपलेला. कुलकर्णी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. वाटलं, इकाम्याचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं काहीतरी. साहेब माझ्या मुलाहून लहान, नाशिकचे, स्वभावानं गरीब. तरी त्यांनी दार लावून घेतलं की मी खिशातले कागद चाचपतो.

इकाम्याचं नव्हतं. त्याहून अवघड. रिपोर्ट लिहायचा.

टॉवर रमजान लागायच्या आत उभा करायचा आहे. तो बसणार पाइपांच्या उंच सांगाड्याच्या, पाइपरॅकच्या मागे, म्हणजे क्रेनवाल्याला खालचं काही दिसणार नाही. वॉकीवर तोंडी हुकूम द्यायचे. खाली माझी व्हिएतनामी टोळी, क्रेनवर नवा आलेला दुंग, तोही व्हिएतनामी. क्लायंट म्हणतो, हे लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते लेखी द्या. एका कामाला एक शब्द, आणि तो शब्दकोशातला. रिपोर्ट पास झाला नाही तर टॉवर उचलायचं काम दुसऱ्या ठेकेदाराला, आणि टोळी खलास. सगळे घरी.

"चाचा, टोळी तुमची. तुम्हीच लिहा."
"साहेब, मी सातवी."
"मराठीत लिहा. इंग्रजी मी करतो."

जेवण गेलं नाही.

१२ जाने., सोम.
कालपासून तीन पानं झाली. अल्लाचं नाव घेतलं, मग मी सौदीत कसा आलो, मग ही टोळी तबूकच्या कामावर मला कशी मिळाली, मग त्यातला तुआन किती हुशार, असं सगळं ओळीनं. दाखवायला गेलो.

साहेबांनी वाचलं, हसू दाबलं. "चाचा, वाचायला मजा आली. पण हा रिपोर्ट आहे. काय ठरलं ते पहिल्या पानावर. कसं ठरलं ते मागून. कोण काय बोललं ते अगदी शेवटी."
"शेवट आधी सांगायचा?"
"हो."

मला पटेना. चहा पिताना बाबांचं गलबत आठवलं. बाबा तांडेल होते. ज्या बंदरात माल आधी उतरायचा तो सगळ्यात वर ठेवत, शेवटच्या बंदराचा तळाला. वाचणाऱ्याच्या हाताला जे आधी लागायला हवं ते वर. तेव्हा कुठे कळलं. शिकलेले लोकही माल भरतातच, कागदावर.

१४ बुध.
शब्द गोळा केले. माझ्या पद्धतीनं. एकेकाला यार्डात बाजूला घेतलं, हात खाली करून दाखवला, विचारलं, याला काय बोलता? हात वर केला, याला काय? आणि कागद पुढे केला, तुझ्या अक्षरांत लिही.

सुभानल्ला. सगळ्यांचं एकच उत्तर. उत्तरेचा असो, दक्षिणेचा असो, एकच. वाटलं, काम झालं. घरी हमीदाला फोन केला.

"जेवलात काय?"
"जेवलो. रिपोर्टाचं काम झालं बघ."
"मग आवाज असा का येतो?"
"कसा?"
"तुमी फुकट जिवाला लावून घेतां."

चाळीस वर्षं फोनवर संसार केलेली बाई. तिला आवाजावरून सगळं कळतं.

१५ गुरु.
कागद मिन्हला दाखवले. मिन्ह म्हणजे कंपनीचा दुभाषा, त्याच्या देशात शाळामास्तर होता. आमचं बोलणं हिंदी, इंग्रजी, अरबी यांची खिचडी, पण चालतं. त्यानं एक कागद बघितला, दुसरा बघितला, चष्मा काढला.

"चाचा, हे आमचं नाही. हे तुझं आहे."

आर्या. हबेस. खाली सोड, वर उचल. आमच्या रत्नागिरीकडच्या खलाशांचे शब्द. बाबांनी मला दिले, त्यांना त्यांच्या बाबांनी. मी या पोरांना क्रेनखाली उभं करून हेच शिकवलं. त्यांना वाटलं चाचा परीक्षा घेतो आहे. मास्तरानं विचारलं, पोरांनी पाठ केलेलं सांगितलं. दुंगनं तर नवा म्हणून शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवलं होतं.

माझंच डोकं फिरलं होतं. ज्याला मीच शिकवलं त्यालाच मी विचारतो, तुझा शब्द कोणता?

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. तुआनच्या कागदावर आर्या त्यांच्या लिपीत होता. इंग्रजीसारखी अक्षरं, एकावर तिरकी रेघ, एकाखाली टिंब. आमच्या खाडीतला शब्द दुसऱ्याच्या घरी टोपी घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे तो कुणी कागदावर लिहिलेला मी तरी पाहिला नाही. कु. साहेबांना फोनवर सापडला नाही. असेल कुठे.

१६ शुक्र.
जुम्म्यानंतर मिन्हच्या खोलीवर. त्यानं मोठा शब्दकोश उशीच्या खोळीतून काढला. पुठ्ठ्याला टेप लावलेली. मी हात धुऊन आलो, मगच हात लावला. तो हसला नाही, हे बरं वाटलं.

त्यानं सांगितलं ते जमेल तसं. पूर्वी त्यांची भाषा चिनी चित्रांसारख्या अक्षरांत लिहायचे, वर्षं घालवली तरच वाचता येई. मग जहाजांतून परदेशी पाद्री आले. ते नुसते ऐकत बसले. त्यांच्या भाषेत आवाज वर गेला की अर्थ वेगळा, खाली आला की वेगळा. पाद्र्यांनी आपली अक्षरं घेतली आणि प्रत्येक चढउताराला खूण केली. रेघ, टिंब, हुकासारखा आकडा. मग शब्दकोश छापला. पुढं शेकडो वर्षांनी त्यांच्याच विद्वानांनी ते काम हातात घेतलं, एक कोश, दुसरा कोश, प्रत्येकात थोडं दुरुस्त, शेवटी सगळा देश एकसारखं लिहायला लागला.

मी विचारलं, "उत्तरेच्या माणसाला, दक्षिणेच्या माणसाला, सगळ्यांना विचारलं?"
"सगळ्यांना कसं विचारणार चाचा? पण पुष्कळांना."

अंगावर काटा आला. मी एक टोळी विचारली आणि तीही चुकीची. यांनी देश विचारला. बोललेला आवाज हवेत जातो, तो धरून त्याच्यावर रेघ मारायची! कुणाला सुचलं असेल. मी क्रेननं लोखंड उचलत आलो, तेच जड वाटत होतं.

१८ रवि.
मेसमध्ये भांडण. दुंग उत्तरेचा, तुआन पार दक्षिणेचा. दुंगनं चमचा मागितला, 'थिया'. तुआन म्हणे त्याला 'मुओंग' म्हणतात, थिया मागणाऱ्यानं हातानं खावं. सगळे हसले. दुंग चिडला, म्हणाला दक्षिणेचे लोक सूप तोंडात धरून बोलतात. मिन्हनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा मीही हसलो, मग घाबरलो. चमच्यावर जमत नाही, तर टॉवरचं काय?

मिन्हनं कोश आणला. दोन्ही शब्द आत! मुओंगपुढे बारीक खूण. म्हणजे हा एका बाजूचा शब्द आहे, थिया बघा. हाकलून दिलेला नाही. पाटावर बसवला आहे, फक्त कोणाकडचा ते सांगून.

मी ती खूण कितीतरी वेळ बघितली. केवढी माया एवढ्याशा जागेत.

२० मंगळ.
मिन्ह, दुंग, तुआन आणि मी बसलो. कोशातून शब्द काढले. उचल, सोड, डावीकडे, उजवीकडे, थांब. ज्यावर दोघांची मान हलली तोच घेतला. आर्या-हबेस मीच म्हटलं काढून टाका. दुंग नवा, त्याला येत नाहीत, कोणाचा हात चिरडला तर?

कु. साहेब म्हणाले, "नक्की ना चाचा?"
"नक्की."

बोललो खरं. मग वॉकी पुसत बसलो, स्वच्छ होता तरी.

संध्याकाळी सराव. मला त्यांचे शब्द बोलता येईनात. आवाज जिथं खाली न्यायचा तिथं वर जातो. तुआन म्हणाला, "चाचा लग्नातलं गाणं म्हणतो." सगळी टोळी लोळली. मी पण.

२५ रवि.
आज चाचणी. टॉवरऐवजी काँक्रीटचा ठोकळा. सगळं कोशातल्या शब्दांत, सुरळीत. कु. साहेब घड्याळ धरून. ठोकळा रॅकच्या उंचीला आला आणि वारा फिरला. ठोकळा झोका खाऊन रॅककडे निघाला. खाली तुआनच्या हातून ठोकळा सावरायचा दोर सुटला.

वॉकीत तुआन ओरडला, "आर्या! आर्या!"

मी डोळे मिटले. दुंगला येत नाही, हेच डोक्यात.

उघडले तेव्हा ठोकळा जमिनीवर. अलगद. धूळसुद्धा उडाली नाही म्हणाना.

दुंग खाली उतरला. मी मिन्हला म्हटलं, विचार याला, कळलं कसं? दुंगनं खांदे उडवले. मिन्ह म्हणाला, "मेसमध्ये शिकला. सगळे तेच बोलतात. वाडगा खाली ठेव म्हणायला पण आर्या."

या पोरांनी जेवताना… मला पुढं लिहिता येत नाही. अल्ला मोठा आहे.

२६ सोम.
आता हे रिपोर्टात लिहायचं का?

कु. साहेब येरझाऱ्या घालत होते. "लिहिलं तर क्लायंट म्हणणार, टोळीला शिस्त नाही, कागदावर एक आणि तोंडात दुसरं. सरळ नापास. नाही लिहिलं तर कोणाला कळणार आहे?"
"दुंगला कळलंय साहेब. टॉवर झोका खाईल तेव्हा तुआन हेच ओरडणार."
"मग टोळी घरी गेली तर?"

तुआनची मुलगी यंदा कॉलेजात जाणार आहे. कालच फोटो दाखवला. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेही आठवेना.

२७ मंगळ.
मिन्हला विचारलं. तो म्हणाला, कोश करणाऱ्यांनी आधी ऐकलं, मग लिहिलं. एवढंच म्हणाला आणि नखं कापायला लागला.

मग मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, वरच्या पानावर कोशातले शब्द, तेच नियम. चाचणीत जे झालं ते जसंच्या तसं आत. आणि यादीच्या तळाला आर्या, हबेस. पुढे बारीक खूण, साइटवरचा शब्द, अमुक बघा.

साहेबांनी ते कागदावर उतरवलं. मग म्हणाले, "चाचा, ही खूण कुठून शिकलात?"
"चमच्याकडून."

२९ गुरु.
रिपोर्ट गेला. कु. साहेबांनी इंग्रजी केला, मिन्हनं व्हिएतनामी. मला माझं मराठी पहिल्यांदा टाइप केलेलं दिसलं. काय ठरलं ते वर, कोण बोललं ते तळाला. बरोबर माल भरला आहे. तरी धाकधूक. सहीच्या जागी माझं नाव.

हमीदा म्हणाली, "आता तरी निजा."
म्हटलं, "तुझ्या घरात आर्या कोण बोलायचं?"
"आजा बोलायचा. विहिरीत घागर सोडताना."
मला हे ठाऊकच नव्हतं.

१ फेब्रु., रवि.
क्लायंटकडून अबू फहद आले. इथल्या हुफूफ शहरातलेच, मोठे कडक, पण येताना खलास जातीच्या खजुरांचा डबा आणतात. रिपोर्ट हातात. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, सरळ तळाशी. बोट नेमकं त्या खुणेवर.

टोळी रांगेत उभी. हातातला वॉकी मी खिशात घातला.

"हा शब्द कोणाचा?" अरबीत विचारलं.

माझाच आहे, चूक माझी, यांना घरी पाठवू नका, असं बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मिन्हनं प्रश्न त्यांच्या भाषेत सांगितला. आणि तुआन आणि दुंग, एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा, दोघं एकदमच बोलले. मिन्हनं माझ्याकडे न बघता अरबी केलं.

"म्हणतात, आमचा."

अबू फहदनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेन काढलं, समासात काहीतरी लिहिलं, रिपोर्ट बगलेत मारून गाडीत बसले. कु. साहेब मागे धावले. "मंगळवारी कळवतो," एवढंच.

काय लिहिलं ते कोणालाच दिसलं नाही. खजुरांचा डबा मात्र टेबलावर ठेवून गेले. टोळीनं तो उघडला, तुआन दुंगला म्हणाला, आर्या, माझ्या हातात.

वॉक्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. लागतील, नाही लागणार, अल्ला जाणे.