एकदाच वाजलेला फोन

रविवार, ९ जून

ती. दादा,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही तिकडे ठीक असाल, असं लिहायची रीत आहे. मी ती निम्मीच पाळते. इकडे खरंच ठीक आहे. तिकडे काय आहे ते मला वहिनीने सांगितलं आहे, तेव्हा लपवायची तसदी घेऊ नकोस.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. या विद्यापीठात पहिला ईमेल पाठवून दाखवला तो आपण दोघांनी, आणि आज मी पोस्टाचं तिकीट शोधत घरभर फिरले. पण करणार काय? माझा फोन आला की तू तो वहिनीच्या हातात देतोस आणि माझे ईमेल उघडतसुद्धा नाहीस. पाकीट मात्र फोडशील, कारण त्यावरचा पत्ता मी यांच्याकडून लिहून घेतला आहे. अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील एवढी मी तुला ओळखते.

घरचं म्हणशील तर यांचा गुडघा आता बरा आहे. लेक तिच्या नोकरीच्या गावी रुळली. पुढच्या खोलीला रंग दिला, तो सगळ्यांना आवडला आणि मला नाही. झालं घरचं.

तुझं ऑपरेशन. हृदयाची झडप बदलायची आहे, डॉक्टर घाई करा म्हणतात, आणि तू दोन वेळा तारीख पुढे ढकललीस. परवा तिसऱ्यांदा "जरा थांबू या" म्हणालास. का थांबायचं आहे तेही मला माहीत आहे, आणि तुझा फोन हल्ली हातातून सुटत नाही हेही. त्यावर मी येतेच. आधी कामाचं सांगते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

तू विद्यापीठाच्या संगणक केंद्रातून निवृत्त होताना मागे जे ठेवून गेलास त्याला तू जाळं म्हणायचास. मी छतातली फळी सरकवून वर डोकं घातलं आणि म्हटलं, याला गुंता म्हणतात! इतिहास विभागाची तार रसायनशास्त्रातून, रसायनशास्त्राची कॅन्टीनमधून, आणि कॅन्टीनची कुठून येते ते देवाला आणि तुला ठाऊक. विचारलं की तू ताकास तूर लागू द्यायचा नाहीस. "चालतंय ना? मग झालं." चालत होतं, हे मी कबूल करते. वीस वर्षं ते तुझ्या एकट्याच्या डोक्यात चालत होतं.

सर्व्हरांची नावंही तू आपल्या घरातलीच ठेवली होतीस. निकालाच्या मशीनचं नाव आत्या, कारण आपली आत्या येईल त्या मुलाला आधी मार्क विचारायची. ईमेलचं मामा. सगळ्या विद्यापीठाच्या तोंडी तीच नावं. नव्या कुलसचिवांच्या पहिल्या बैठकीत मी अहवाल वाचला, "आत्याचं वय झालं असून तिच्यावर आता भरवसा ठेवता येणार नाही." ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, घरगुती अडचण असेल तर आपण रजा घ्या." बाकीची मंडळी खाली माना घालून हसत होती. तू असतास तर सगळ्यात मोठ्याने हसला असतास.

मग समिती बसली. एक बाहेरची कंपनी सगळं काम उचलायला तयार होती, आणि ते तिला दिलं असतं तर आपल्या केंद्रातली निम्मी माणसं दुसऱ्या विभागांत पांगली असती. मी म्हटलं, आम्ही करतो. नवं फायबर, नवे सर्व्हर, प्रत्येक इमारतीत वाय-फाय, प्रवेश, निकाल आणि ग्रंथालय एकाच ठिकाणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकही विभाग दिवसभर बंद न ठेवता. कुलसचिव दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकसुद्धा फुंकून पिणारा. त्यांनी विचारलं, "आणि अडलं तर?" बैठकीतल्या चारपाच जणांनी एकदम उत्तर दिलं, "दादा आहेत की!"



तेव्हा मला कळलं की तू निवृत्त झाल्यावरही आपली माणसं तुला फोन करत होती. मला न विचारता, माझ्या पाठीमागे. शेजारच्या खोलीत मी बसलेली, आणि ही माणसं तुला विचारणार, तू खुर्चीत बसून सांगणार, "डावीकडचं काळं बटण दाब, थोडं थांब, पुन्हा दाब." उंटावरून शेळ्या हाकायला तुला मजा येत होती आणि शेळ्यांनाही सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, यापुढे दादांना फोन करायचा नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

वहिनीला वाटतं, तुझी तब्येत जपायला मी ते केलं. तिला तसं वाटू दे. तुला खरं सांगते, ते मी कामासाठी केलं. तू फोनवर असेपर्यंत इथे कुणी शिकणार नव्हतं, आणि मीसुद्धा त्यात आले. याबद्दल मला वाईट वाटत नाही. तू रागावलास याचं वाटतं.

असो. मग आम्ही एकेक तार हाताने धरून चाललो. आपला तो तारा ओढणारा, ज्याला सगळे सरडा म्हणतात, तो छतात आणि मी खाली. तो वरून ओरडायचा, "मॅडम, हिला काय नाव द्यायचं?" की मी चिठ्ठी लिहून वर द्यायची. नाकी नऊ आले. पण सुट्टी लागली तेव्हा कुठली तार कुठे जाते ते केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि मनात म्हटलं, की एवढ्या गुंत्याखाली दादाचा मूळ आराखडा चोख होता. मुख्य इमारतीभोवतीचा तारांचा तो गोल आम्ही नव्या फायबरमध्येही तसाच ठेवला आहे. बदलायचं कारणच सापडलं नाही.

आता एक तारखेच्या शनिवारचं. हे सांगायला मी दोन पानं घालवली, कळलं असेलच तुला.

शनिवारी आम्ही एकेक विभाग नव्या लाइनवर नेत होतो. परीक्षा विभाग शेवटी घ्यायचा होता, कारण तिथे मार्क भरण्याचं काम चालू होतं. दुपारपर्यंत सगळं लोण्यासारखं सरकलं. आणि एकदम परीक्षा विभागातून आरडाओरडा, सगळ्या मशीन बंद. आम्ही त्यांना हातही लावला नव्हता! कुलसचिव दारात येऊन घड्याळ बघत उभे राहिले. मी नव्या लाइनी तपासल्या, सगळं ठीक.

वळून बघते तर सरड्याच्या कानाला फोन.

"कुणाला लावलास?"

"दादांना. वाजतोय मॅडम."

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"अहो, पण ते एका मिनिटात सांगतील!"

"म्हणूनच. शिडी घे."

तू ज्याच्यामागे थांबला आहेस तो फोन हाच, दादा. तुझ्याकडे एकदा वाजला आणि थांबला. तो मी थांबवला.

मग आम्ही परीक्षा विभागातल्या मशीनपासून तार धरून उलटं निघालो. तार छतात, छतातून खोलीबाहेरच्या बोळात, आणि बोळात छताच्या फळ्यांवर तुझी ती डबी, तारा जोडणारा छोटा नेटवर्क स्विच, मेलेला. तारा आम्ही धरल्या होत्या, वीज धरली नव्हती. त्याला वीज कुठून? तर बोळातल्या ट्यूबलाइटच्या वायरीतून! आणि खाली बटणाशेजारी तुझ्या हाताने लिहिलेला, पिवळा पडलेला कागद, "हा दिवा कधीही बंद करू नये." आम्ही सगळे इतकी वर्षं त्या कागदासमोरून गेलो. दिवसाढवळ्या तो दिवा जळायचा, झाडणारी बाईसुद्धा त्या बटणाला हात लावायची नाही, पण का, हे एकानेही कधी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी दिवे बदलायला आलेल्या नव्या वायरमनला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने कागद वाचला नाही, भर उन्हात जळणारा दिवा बघितला आणि शहाण्या माणसासारखा बंद केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दिवा लावला. परीक्षा विभाग उठला. भरलेले मार्क सगळे जागेवर होते. मग तो विभागही नव्या लाइनवर नेला, डबी खाली काढली, आणि मी स्वतः तो दिवा बंद केला. सरडा म्हणाला, "मॅडम, बघा हं!" काही झालं नाही. सगळं चालू राहिलं.

तू एका वाक्यात सांगितलं असतंस, "बोळातला दिवा लाव." हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मग ती डबी छतातच राहिली असती, आम्ही पुढच्या वेळी पुन्हा तुला फोन केला असता, आणि तू आयुष्यभर त्या फोनजवळ बसून राहिला असतास.

संध्याकाळी जुने सर्व्हर एकेक करून बंद केले. आत्याचा पंखा थांबला तेव्हा मला रडू आलं. सरडा म्हणाला, "डोळ्यात धूळ गेली का?" म्हटलं, "धूळबीळ नाही, रडतेय. तू रॅक मोकळा कर."

सोमवारी विद्यापीठ उघडलं. कुणी काही बोललं नाही. ग्रंथालयातल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, पूर्वी पान उघडेपर्यंत चष्मा शोधायला वेळ मिळायचा, आता मिळत नाही. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही की काही बदललं आहे. तूच म्हणायचास, आपलं काम कुणाला दिसलं तर समजायचं की काहीतरी बिघडलंय. म्हणजे ते किती चांगलं झालं ते तुला सांगायला नको. तरी तुला हे लिहिताना हात जड झाला. तुझं एवढं उभं केलेलं गेलं आणि कुणाला चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं नाही.

बुधवारी वहिनीचा फोन आला. म्हणाली, "वन्सं, त्या शनिवारी यांचा फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. विद्यापीठातल्या माणसाचा नंबर होता. तेव्हापासून म्हणताहेत, अडलंय त्यांचं, पण ती पोरगी बोलावू देत नाही. आज ना उद्या गाडी पाठवतील. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. दवाखान्याला अजून होकार नाही कळवला. तुम्ही एक खोटा फोन करा ना. म्हणा, अडलंय, या. दोन दिवस येतील, मन भरेल, मग जातील ऑपरेशनला."

वहिनीला बोल लावू नकोस. ती घाबरली आहे. मीही घाबरले, म्हणून फोन हातात घेतला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, "दादा, आम्ही हरलो, तू ये." खोटं बोलायला जीभ तयार होती.

पण तू आला असतास, जिने चढला असतास, आणि रॅकसमोर उभा राहून एकदा बघितल्याबरोबर तुला कळलं असतं की काही अडलेलं नाही. तू मूर्ख नाहीस. मग मी तुझ्या तोंडाकडे कशी बघणार होते? तुझ्यासारख्या माणसाला खोट्या बिघाडाने खेळवायचं, लहान मुलाला खुळखुळा द्यावा तसं? ते माझ्याने झालं नसतं. तू माझा राग राग केलास तरी चालेल, पण मी तुझी कीव करायची नाही, एवढं मी ठरवलं आहे.

म्हणून सरळ लिहिते. अडलेलं काही नाही. गाडी येणार नाही. तो फोन पुन्हा वाजणार नाही. बॅगेतले कपडे कपाटात ठेव, नाहीतर तीच बॅग दवाखान्यात घेऊन जा, वहिनीचं काम वाचेल.

दवाखान्यातली सतरा तारखेची जागा वहिनीने तुला न सांगता धरून ठेवली आहे. मी पंधराला, शनिवारी सकाळी येते. दहा दिवसांची रजा टाकली आहे. इथलं सरडा आणि बाकीची माणसं बघतील. माझ्यावाचून चालणार नसेल तर मी काम वाईट केलं असं समजेन, आणि परत येऊन पुन्हा करेन. ऑफिसचा फोन मी ऑफिसातच ठेवून येणार आहे.

आल्यावर मला हवं तेवढं बोल. परवानगी न घेता तुझं सगळं उपटून टाकलं म्हण, दादाला विसरली म्हण, काही म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस, भिंतीकडे तोंड करून पडून राहा, मी शेजारी बसेन. मला त्याची भीती वाटत नाही. भीती एकाच गोष्टीची वाटते, आणि ती लिहायला हे पत्र घेतलं होतं. ऑपरेशनला हो म्हण, आणि मग वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. जिवंत माणसाचा अबोला मला चालेल.

तुझं उत्तर आलं नाही तरी शनिवारी दारात उभी राहणारी,
तुझी बहीण