लाल बाणांचा नकाशा

मेनाशा, ९ नोव्हेंबर
चि. ड्वेन यास दादाचे अ. आ.

तुम्ही चौघांनी खेळातल्या लढाईत पुन्हा घोळ घातल्याचं वाचून कपाळावर हात मारला. लेका, रिअ‍ॅक्शन म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत झटक्यात करायची हालचाल, आणि ती एका फेरीत एकदाच! तू ती राक्षसावर वार करण्यात उधळलीस. मग कर्णधाराने हाक दिल्यावर तुझा चोर हलणार कशाने? हे नियम मी कोणी न शिकवता कोळून प्यालोय, माझं ऐक. फाटकावरच्या पहारेकऱ्याजवळून आधी मर्विनला जाऊ दे. पहारेकरी त्याच्यावर वार करील, त्याची रिअ‍ॅक्शन संपेल. मग हाक येताच तू निम्मी चाल करून नदी गाठ. नकाशा जोडलाय, लाल बाण मोजून काढलेत. तुरुंगात फासे चालत नाहीत, तेव्हा कागदी भिंगरीच फिरवा.

आई विचारते, जानेवारीत पॅरोल मिळेल, तर तुझी खोली रंगवू का? म्हटलं, रंगव. माया पातळ होऊ देऊ नकोस.
व्हर्लिन

२ डिसेंबर
ती. दादास सा. न.

पत्र तपासणीत अडकलं. फाटक, पहारेकरी, लाल बाण, वर मर्विनचं खरं नाव! इथे फाटकामागे नदीच आहे, दादा. साहेबांनी विचारलं, हा व्हर्लिन कोण? म्हटलं, भाऊ, आमचा खेळ चालवतो. म्हणाले, झकास चालवतो. मर्विनला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, मला एकट्याच्या कोठडीत. पॅरोलची सुनावणी तीन वर्षं पुढे गेली. आईला तूच सांग. माझ्यावर रागावू नकोस.
ड्वेन

मेनाशा, १० डिसेंबर
चि. ड्वेनस अ. आ.

शुद्ध अडाणीपणा! पॅरोलवाल्यांना नियमांचा सविस्तर खुलासा धाडलाय. निम्मी चाल म्हणजे फक्त पंधरा फूट. तेवढ्यात कुठला कैदी पळतो, असं ठणकावून विचारलंय. आईला सांगितलं. ती रंगाचे डबे परत करून आली. धीर धर.
व्हर्लिन

४ जानेवारी
ती. दादास सा. न.

खुलासा पोचला. आमच्या दोन कुंपणांमधलं अंतर नेमकं पंधरा फूट आहे. ते तुला कोणी सांगितलं, असं मला विचारतायत. पाया पडतो, आता काही समजावू नकोस. खेळ नको, मोजमाप नको. हवामान तेवढं लिही. लिहीत मात्र राहा.
ड्वेन

मेनाशा, १५ जानेवारी
चि. ड्वेनस अ. आ.

थंडी आहे. तळं गोठलंय, लोक भोकं पाडून मासे धरायला बसलेत. बर्फाची जाडी मी सकाळी मोजली, पण लिहीत नाही. त्यावरून माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो, असं कोणाला वाटायचं.
व्हर्लिन