सँपल फ्लॅट

रविवार, २ फेब्रुवारी

झालं एकदाचं! आजपासून मी घरमालकीण. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांतून भांडीकुंडी नाचवली. भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाच्या हातापाया पडायचं. आज आल्या आल्या पहिला खिळा मीच ठोकला. त्यावर टांगायला काही नव्हतं, तरी ठोकला.

इमारत नवी कोरी, अजून दुसरं कुणीच राहायला आलेलं नाही. आणि फ्लॅट कुठला, तर चक्क सँपल फ्लॅट! गिऱ्हाइकांना दाखवायला बिल्डरने सजवून ठेवला होता तोच, फर्निचरसकट आम्हाला मिळाला. अट एवढीच, की बाकीचे फ्लॅट विकले जाईपर्यंत त्यांचा सेल्समन दिवसा लोकांना आणून घर दाखवणार. एक किल्ली त्याच्याकडे राहणार. त्याच्या गळ्यात कायम टाय, म्हणून आमच्या लेकीने, बबडीने, त्याचं नाव टायवाला ठेवलंय. नवऱ्याने डोळे झाकून सही केली. मीही मान डोलावली. येईना का कोण, घर तर आमचंच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

या घरात गमतीच गमती. टीव्ही म्हणजे पोकळ खोका, सफरचंदं मेणाची (बबडीने एक चावून पाहिलं). आतल्या खोल्यांना दारंच नाहीत. मी शिवणकाम करणारी बाई, मापातला फरक माझ्या नजरेतून सुटत नाही. पलंग पाहताच खटकलं म्हणून टेप लावली. पलंग, खुर्च्या, टेबल, सगळंच नेहमीपेक्षा आखूड! टायवाल्याला विचारलं तर तो गालातल्या गालात हसला. म्हणाला, ताई, सामान लहान ठेवलं की खोली मोठी दिसते, आमच्या धंद्यात असंच चालतं.

नवरा माझा ताडमाड उंच, मी त्याला लंबूच म्हणते. त्याचे पाय पलंगाबाहेर लोंबतात आणि बबडी त्यांच्यावर टॉवेल वाळत घालते. हसून हसून पोट दुखलं. फार सुखात आहोत आम्ही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लंबूच्या पँटी पायात यायला लागल्यात. कमरेतून ढिल्या झाल्या असतील म्हणून पट्टा आवळला, तरी तेच. शेवटी खालून दुमडून टीप मारली. बबडीचा फ्रॉकही घोट्यापर्यंत पोचलाय. वाढत्या वयात फ्रॉक आखूड व्हायचे की लांब?

लंबू औषधांच्या दुकानात कामाला आहे. वरच्या फळीवरचे खोके तो हात उंचावून सहज काढायचा. काल त्याने स्टूल मागितलं, तर सगळ्यांनी त्याची फिरकी घेतली म्हणे. सांगताना तो हसत होता, पण नीट जेवला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लंबूचे पाय आता पलंगात मावतात. बघ, झाली की नाही सवय, म्हणाला. दुपारी त्याचा डोळा लागला तेव्हा मी टेप लावली. मग बबडीला लावली, मग स्वतःला. तिघंही आधीपेक्षा आखूड भरलो.

डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही तपासलं. सगळं ठणठणीत आहे, आधीचं माप चुकलं असेल, म्हणाल्या. माझं माप! भावाकडे जाऊन राहू म्हटलं, तर लंबू उखडला. जन्म दुसऱ्यांच्या घरात काढला, आता स्वतःचं सोडून कुठे जायचं, असं म्हणून फुगून बसला. खरं सांगायचं तर माझाही पाय निघत नाही. किती वर्षांनी मिळालंय.

शनिवार, १ मार्च

टायवाला एका जोडप्याला घेऊन आला. आम्ही तिघं कोचावर होतो. मी उठून या, बसा म्हटलं, पण त्या बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छताकडे बघत म्हणाली, किती प्रशस्त आहे हो घर. टायवाला आमच्याकडे बघून हसला. पलंगाबद्दल विचारलं होतं, तेव्हा हसला होता तसाच.

सामान लहान ठेवलं की खोली मोठी दिसते. सामानच नाही, माणसंही!

लगेच बॅग भरायला घेतली. लंबू म्हणाला, आता नको, उद्या सकाळी निघू. मी ऐकलं. का ऐकलं मी?

रविवार, २ मार्च

सकाळी उठलो तर पलंगावरून खाली उतरता येईना. चादरीला लोंबकळत उतरलो. दाराची कडी उंच, फार उंच. लंबू खुर्चीवर चढला, त्याच्या खांद्यावर मी. हात पोचत नाही.

फोन जमिनीवर पाडला. भावाला लावला. जीव तोडून ओरडलो तिघंही. तो हॅलो हॅलो करत राहिला. नुसती चिवचिव ऐकू येतेय म्हणाला. ठेवला.

मंगळवार

पेन उचलवत नाही. पेन्सिलीचं टोक मोडून घेतलंय. वही जमिनीवर होती म्हणून बरं — एक ओळ लिहायला कागदावरून चालावं लागतं —

लंबू त्याच्याच चपलेत बसून असतो. बबडी विचारते, आई, आपण परत मोठे कधी होणार. आई आहे मी तिची आणि मला —

ती अजून कमी होतेय. माझ्या मांडीवर — हाताखाली कळतंय —

बुधवार

किल्ली वाजली. दार उघडं! धावलो. लंबूने बबडीला उचलून उंबऱ्यावर चढवलं. पळ म्हटलं, मागे बघू नको —

गिऱ्हाइकांची मुलगी होती बरोबर. वाकली. दोन बोटांनी बबडीला उचललं. मी किंचाळले. तिच्या बुटाला मिठी मारली. तिने पाय झटकला —

मी घेऊ का ही, तिने विचारलं. टायवाल्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. घे की बाळा, म्हणाला. दुसरी आणून ठेवू.

खिशात घातलं — माझ्या लेकराला — दार लावून घेतलं —

जिन्यातून आवाज येतोय. आई म्हणतेय. दाराच्या फटीशी तोंड लावून ओ देतेय मी. लंबू डोकं आपटतोय दारावर. बबडी, मी इथेच आहे गं, मी —

अजून येतोय. खालच्या मजल्यावर. अजून —

आता नुसतं आ