कॅसेटवरचं कुंकू

डिचोली, १२ ऑक्टोबर २००७, संध्याकाळ

कॅसेटची झडप उघडली तर आत लाल. कुंकू! गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी मये गावात मी कॅमेऱ्यात घेतलेलं रघुदादांचं भाषण हिच्यातच आहे. टीव्हीवर एकदाच दाखवलं. दुसरी प्रत नाही. अशी जुनी, जाड कॅसेट चालवणारं मशीनही आता आसपास माझ्याकडचंच.

लावून पाहिली. दादा उभे राहिले, माइक पुढे ओढला, तोंड उघडलं आणि पडदाभर मुंग्या. मशीनच्या हेडवर तेच कुंकू. पुसलं, पण पुन्हा लावायचा धीर होत नाही. उरलेले कण टेप ओरबाडत गेले तर?

तेवढ्यात वहिनींचा फोन. दादा जाऊन महिनाच झालाय. "उद्यां येतंय हां. हेंचो आवाज ऐकूक मेळतलो मरे?"

"मेळतलो," म्हणालो. का म्हणालो?

टेप खराब कशी झाली विचारलं तर काय सांगू? दर दसऱ्याला कॅमेऱ्याशेजारी मांडून तिचीही पूजा करायचो. वीस वर्षं, याच बोटांनी.

साबणाने दोनदा हात धुतले. उद्या वहिनी मोकळ्या कपाळाने समोर बसतील, आणि माझ्या नखांत अजून लाल आहे.