वाचनालय डॉट एचटीएमएल

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी १०.३५.
सेक्रेटरी नंदकुमारने माझी नोटीस बोर्डावरून काढली. माझ्यासमोर. टाचण्या स्वतःच्या खिशात घातल्या. तळमजल्यावरचं वाचनालय मी एकोणीस वर्षं चालवते. तिथे आता पार्सलं ठेवायची खोली करणार आहेत. सोळा तारखेच्या मीटिंगला येऊन विरोध करा, एवढंच लिहिलं होतं. तर म्हणे, कमळताई, आता कागद बंद, सगळं सोसायटीच्या वेबसाइटवर. ती वेबसाइट बघतो कोण? हाच. ठीक आहे. मी स्वतःची काढते.

४ नोव्हेंबर.
यूट्यूबवर एचटीएमएल सुरू, म्हणजे वेबसाइटचं पान लिहायची भाषा. रोज दोन तास. शुक्रवारी पान तयार. प्रत्येक गोष्टीला टॅग असतो: उघडायचा, मजकूर लिहायचा, बंद करायचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी दारांच्या बाबतीत हेच शिकवलं. नंदकुमारला तोंडाच्या बाबतीत कुणी शिकवलं नाही.

७ नोव्हेंबर.
शुक्रवार. पान तयार नाही. शेजारी ड्रिलिंग चालू, डोकं कसं चालणार? एक टॅग बंद करायचा राहिला आणि अख्खं पान ठळक झालं. राहू दे. मुद्दा ठळकच आहे.

९ नोव्हेंबर. दुपारी.
झकास! फाइलवर डबल क्लिक केलं, ब्राउझरमध्ये उघडलं. पिवळं पान. ‘वाचनालय वाचवा’ एच-वनमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या अक्षरात. नंदकुमारचं नाव एच-सिक्समध्ये, सगळ्यात बारीक. आता जगभर दिसेल. सून नमिता फोनवर म्हणाली, आई, पुढच्या रविवारी घाटकोपरहून येते तेव्हा एकदा बघते. बघायचंय काय? झालंय.

११ नोव्हेंबर.
दुसऱ्या मजल्यावरच्या शुभाला पत्ता लिहून दिला: सी, कोलन, स्लॅश, युजर्स, कमळ, डेस्कटॉप, पुढे फाइलचं नाव. तिच्या फोनवर उघडेना. म्हणाली, अगं, तुझंच काहीतरी चुकलंय. माझं? सेलमधले फोन घ्या अजून. मग अठ्ठेचाळीस फ्लॅटना व्हॉट्सअॅपवर नुसता पत्ता पाठवला. तीन अंगठे आले. त्यातल्या राजेशने विचारलं, हा व्हायरस आहे का? अडाणी.

१३ नोव्हेंबर.
किती लोकांनी पान पाहिलं तो आकडा आपोआप कसा दाखवायचा, ते व्हिडिओत नव्हतं. मीच टाईप केला: २१२. कमीच धरलाय.

१५ नोव्हेंबर.
नंदकुमार लिफ्टमध्ये हसला. टरकलाय. उद्या भाषण करणार नाही. पानावर सगळं आहे.

१६ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
मीटिंगमध्ये उभी राहिले, म्हटलं, माझं म्हणणं सर्वांनी वाचलंच आहे, आणि बसले. ठराव मंजूर. विरोधात एक हात, माझा. शुभा आलीच नाही. म्हणते, अगं, मीटिंग आज आहे हे कुठे सांगितलंस? पानावर!
नमिताने कॉम्प्युटर बघितला. म्हणाली, आई, हे पान फक्त ह्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. इंटरनेटवर चढवलंच नाहीत तुम्ही, बाहेर कुणाला दिसणार? ते व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं म्हणे. मी पहिलाच पाहिला. मला पहिल्यातच सगळं समजलं होतं.

१८ नोव्हेंबर. दुपारी ४. पत्राचा मसुदा.
श्री. नंदकुमार यांस,
काल तुम्ही खोली रिकामी करून सहाशे चाळीस पुस्तकं माझ्या वन बीएचकेत आणून टाकलीत. सोफ्यावर इतिहास आहे, ओट्यावर कादंबऱ्या, संडासाच्या दाराशी अध्यात्म. हे पत्र मी बालवाङ्मयावर बसून लिहिते आहे. ही पुस्तकं कुठे ठेवायची, याचं लेखी उत्तर हवं. कागदावर, सहीनिशी. दाराखालून सरकवू नका, तिथे शब्दकोश आहेत. बेल वाजवून हातात द्या. गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.