पहाटे रिकामी होणारी मेमरी

सोम. १७ नोव्हें.
धाडचं मशीन आज पुन्हा झोपलं. एक्स-रे काढलेल्या बाईला दोन तास बसवून ठेवलं म्हणे. बुलडाणा, धाड, जळगाव जामोद, तीन एक्स-रे सेंटरांत फोटो साठवायची तीन मशीन, प्रत्येक फोटो त्यातल्या दोन ठिकाणी ठेवायचा. एक बंद पडलं तर दुसऱ्यानं सांभाळायचं. हे सांगूनच सॉफ्टवेअर विकलं. आणि धाडची मेमरी दिवसभर फुगत जाते, सुटतच नाही.
पुण्याहून साहेबांचा फोन. "संदीपचा नवा कोड लावला ना मागच्या महिन्यात? तिथंच बघ." शनिवारी ठरणार, माझ्या हाताखालच्या सं.ला कायम करायचं की नारळ द्यायचा. माझ्या रिपोर्टवर. मलाही दोषी तोच वाटतोय. मेमरीचं नाव काढलं की याला चहाची तल्लफ येते.

मंगळ. १८
महिन्याभराचा आलेख काढला. रोज दिवसभर चढतो आणि पहाटे एकदम सपाट. मेमरी काही आपोआप रिकामी होत नाही. लॉग उघडला. रोज पहाटे कुणीतरी धाडचं सॉफ्टवेअर बंद करून चालू करतंय. लॉगिन सं.चं.
म्हणजे लपवतोय. देऊळघाटचं पोरगं, हुशार आहे म्हणून साहेबांच्या मागे लागून मीच घेतलं याला. दुपारी नेहमीसारखा माझ्या डब्यातला ठेचा त्याला दिला. "ताई, आज तिखट हाय लय." हसले.

बुध. १९
धाडला सं.चा कोड पूर्ण बंद करून पाहिला. मेमरी तशीच चढली. खरं सांगायचं तर हिरमुसले. चोर सापडला म्हणून इतकी निश्चिंत होते.
मग सरळ विचारलं. रोज पहाटे काय करतोस?
"रिस्टार्ट मारतो. तुम्ही रजेवर होत्या तवा सकाळी सकाळी फोटो उघडत नव्हते. सायबाले फोन केला, ते म्हणे सध्या रोज रिस्टार्ट मार, मंग पाहू."
मग मला का नाही सांगितलं?
"सायब म्हणे, ताईले उगा टेन्शन नको."
साहेबांना लगेच फोन. "मी? मी असं कशाला सांगेन? तो पोरगा स्वतःला वाचवतोय." दोघांतला एक धडधडीत खोटं बोलतोय. फोनवर आवाज दोघांचाही सारखाच साधा.

गुरु. २०
धाडच्या मेमरीत नेमकं काय साठलंय ते उतरवून घेतलं. बाकीच्या दोन मशीनशी झालेल्या जुन्या जोडण्या. सगळ्या मेलेल्या, पण जागा अडवून. जोडणी इतक्या वेळा तुटतेय कशानं?
एसटीनं धाड गाठलं. महिन्याभरापासून सेंटर सांभाळणारे भास्करराव माझ्यासमोर एका पेशंटला वाटेला लावून उठले आणि भिंतीवरचं इंटरनेटच्या राउटरचं बटण बंद केलं. पुढचा पेशंट आला, चालू. तो गेला, बंद.
असं का करता?
"मंग? कोणी नसलं तं डबा फुकट गरम होऊन राह्यला न. आमच्या घरी बी असंच हाय, खोलीतून निघालं का लाइट बंद."
दर वेळी बटण दाबलं की मशीन नवी जोडणी उघडतं आणि जुनी सोडत नाही. पुण्याच्या ऑफिसात राउटर वर्षानुवर्षं चालूच, तिथं हे कुणाला दिसणार.
"माह्यं काही चुकलं का, ताई?"
नाही म्हटलं. खरंच नाही.

शुक्र. २१
जोडणीचा तो कोड कुणाचा ते पाहिलं. साहेबांचा. कंपनी सुरू झाली तेव्हाचा, स्वतःच्या हातानं लिहिलेला. जुनी जोडणी सोडायची ओळच नाही. ती घातली, तिन्ही मशीनवर चढवली.
साहेबांना कळवलं. "रिपोर्टमध्ये माझं नाव कशाला? नेटवर्कमुळे झालं, असं लिही. त्या रिस्टार्टचं मात्र सविस्तर लिही."
म्हणजे यांना आधीपासून ठाऊक होतं? की आताच लाज वाटली?

शनि. २२
पहाटे रिस्टार्ट नाही, तरी धाडची मेमरी शांत. भास्कररावांचं बटण बंद-चालू करणं सुरूच आहे.
सं. आला, टेबलाजवळ उभा राहिला. म्हटलं, बस. बसला नाही.
"ताई, माह्या लॉगिनचा पासवर्ड तुम्हीच बदला, अन् मले सांगू नका. म्हंजे पुढच्या टायमाले काही झालं तं मी नव्हतो, येवढं तरी पक्कं राहीन."
वेडा आहेस का म्हटलं, तोवर तो जागेवर गेलाही होता.
संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवाय. कोड साहेबांचा, हे नावानिशी लिहून टाकलं, होईल ते होईल. रिस्टार्ट कुणाच्या सांगण्यावरून, या ओळीवर अडलेय. सं.च खरं बोलतोय, असं मन सांगतं. त्याच्यावर विश्वास आहे, असं लिहायलाही घेतलं.
आणि आज सकाळी उठल्याउठल्या, दात घासायच्या आधी, पहाटे त्यानं रिस्टार्ट मारला नाही ना म्हणून त्याचाच लॉग उघडून पाहिला.