जावाची देवी

१२ ऑक्टोबर १९५४
केळझरचा जयराम दुकानात आला, घड्याळाची कमान तुटली म्हणून. बोलता बोलता कळलं, मोठी लढाई संपल्यावरही हा जावात होता, इंग्रजांच्या फौजेची लॉरी चालवत. जावा! काश्मीरचं पदक आहे माझ्याकडे, सोनाराच्या मुशीपासून वाचवलेलं. मलायाचंही आहे. जावाचं अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. विचारलं, पदक मिळालं का? म्हणाला, "हाये ना. पण माय पुजते त्याले."

सौ. म्हणे, "सारं गाव सूत कातून राह्यलं, अन् तुमी लढाया गोळा करा."

१७ ऑक्टो., रवि.
केळझरला जाऊन आलो. देव्हाऱ्यात मधोमध पदक! एका बाजूला इंग्रजांचा राजा, दुसऱ्या बाजूला पंखवाली बाई, हाती त्रिशूळ. राजाचं तोंड भिंतीकडे, बाईला हळदकुंकू. विजयाची विलायती मूर्ती आहे ती, पण त्रिशूळ पाहिल्यावर म्हातारीनं आणखी काय समजावं? दर सणाला चिंच न् राखेनं घासते. राजाचं नाक गेलं, पंख गुळगुळीत. कडेवर कोरलेलं जयरामचं नाव तेवढं शाबूत. दुसऱ्या कोणी असं घासलं असतं तर भांडलो असतो. इथे हात जोडले. खरंच जोडले.

म्हातारी म्हणाली, "पोरगं आलं, अन् मांगून डाकेनं देवी आली. तिनंच आणलं त्याले."

जयराम मोटारीपर्यंत सोबत आला. वाटेत थांबला. "भाऊ, तिथली माणसं आपल्यावानीच आजादी मांगून राह्यली होती. त्यायलेच माराले गोळ्यायच्या पेट्या मी लॉरीत वाह्यल्या. त्याचं हे बक्षीस. माय हात जोडते अन् मले घास जात नाई. तुमी घेऊन जा."

"आईला सांगितलंस?"

"तिले वाटते, मी देवाचं काम करून आलो."

हवं होतं तेच समोरून चालत आलं, आणि मला हो म्हणता येईना.

१८ ऑक्टो.
दिवसभर जयरामच डोक्यात. पदकं लावून फोटो काढणारे पुष्कळ पाहिले, त्यांचं कौतुकही केलं. स्वतःच्या पदकाची लाज वाटणारा हा पहिलाच. मला तो त्या सगळ्यांहून मोठा वाटतो. सौ.ला सांगितलं तर आज टोमणा नाही.

२३ ऑक्टो.
जयराम आला. पदक टेबलावर ठेवलं. दिवाळीच्या सारवणासाठी देव बाहेर काढले होते, तेवढ्यात उचललं म्हणे. "मायले सांगू नका." मी थांब म्हणेपर्यंत रस्त्यावर.

भिंगाखाली पाहिलं. सुंदर आहे. पंखांच्या खाचेत अजून कुंकू. पदकांच्या डबीत जावाची जागा किती दिवस रिकामी होती, पण तिथे ठेववेना.

२५ ऑक्टो.
दुपारी जयरामची आई. एकटी, मोटारीनं. उद्या लक्ष्मीपूजन अन् देव्हारा रिकामा. जयराम तोंड उघडत नाही म्हणे. मला म्हणाली, "भाऊ, तुमाले त्यातलं समजते. सांगा, देवी काऊन गेली? माया पोराच्या हातून काई पाप झालं का?"

पाणी दिलं. खरं सांगावं तर मुलगा तिच्या मनातून उतरतो, पदक परत द्यावं तर त्याचा घास पुन्हा अडतो. आणि मला तर दोघंही आपापल्या जागी खरी वाटतात.

संध्याकाळ. शेवटची मोटार गेली म्हणून सौ.नं तिला ठेवून घेतलं. आत दोघी करंज्या लाटताहेत. म्हातारी तिलाही तेच विचारते आहे. पदक माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.